गंजाडचा मुक्काम

तांदळाच्या पिठाचा रंग ओला असताना नीट दिसत नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर काडी टेकवली की पाण्याची एक फिकट ओल उमटते. ती कुठून कुठे गेली हे कळायच्या आत हात पुढे न्यावा लागतो. थोड्या वेळाने भिंत वाळते आणि रेघ पांढरीशुभ्र होऊन वर येते. मग खोडता येत नाही, झाकता येत नाही. शहरातून वारली चित्रं शिकायला आलेल्या बाईची पहिली अडचण इथेच होते. काढता काढता बघायची आणि बघता बघता सुधारायची आपली सवय असते. इथे चित्र आधी मनात पुरतं उभं असावं लागतं, आणि ते उभं राहायला गावात राहावं लागतं. एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत त्रिकोण येतो, वर्तुळ येतं, पण चित्र येत नाही. आम्ही काही जणी गंजाडला परत परत जातो, ते यासाठी.

डहाणू रोड स्टेशनला उतरणारी बहुतेक पर्यटक मंडळी पश्चिमेला वळतात. तिकडे समुद्र आहे, सुरूची बनं आहेत, बोर्डी-घोलवडपर्यंत चिकूच्या वाड्या आहेत. 2013 साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊ लागल्यापासून ही गर्दी वाढली. आमची वाट उलटी, पूर्वेची. स्टेशनबाहेर सहा आसनी मिळते, ती आशागड मागे टाकून गंजाडच्या दिशेने जाते. समुद्राचा खारा वारा सुटतो, ताडाची झाडं दिसू लागतात, भाताची खाचरं येतात. गंजाड म्हणजे एकगठ्ठा वस्ती नव्हे, पसरलेले पाडे. त्यातल्या कळंबीपाड्याचं नाव जगभरच्या चित्रकलेच्या पुस्तकांत आहे, कारण वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिथे राहिले.

आमचा गट तसा कुणी ठरवून केलेला नाही. एक निवृत्त बँक कर्मचारी, एक चित्रकलेची शिक्षिका, कापडावरच्या नक्षीचं शिक्षण घेणारी एक मुलगी, मी, आणि विणकाम करणारी एक मैत्रीण. तिची लेक मिलानच्या बाजूला राहते. लेकीकडे गेली की ही डोंगरातल्या एका इटालियन खेड्यात विणकामाच्या मुक्कामाला जाते. बायका आठवडाभर एका घरात राहतात, सकाळी अंगणात खुर्च्या टाकून विणतात, एकत्र स्वयंपाक करतात, गावातल्या म्हातारीकडून जुना टाका शिकतात आणि पुढच्या वर्षी परत येतात. सुया, लोकर आणि तेच गाव. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. गंजाडला आम्ही वेगळं काय करत होतो?

मिलान आणि गंजाडचं नातं मात्र आमच्या मैत्रिणीच्या आधीचं आहे. 2003 साली इंग्लंडचे शिल्पकार रिचर्ड लाँग वारल्यांच्या या मुलखात आले, इथल्या जमिनीवर चालले आणि त्या चालण्यातूनच त्यांनी कलाकृती केल्या. जिव्या मशे आणि ते, दोघांचं काम त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात शेजारीशेजारी मांडलं गेलं आणि 2004 मध्ये मिलानच्या समकालीन कलादालनात. एक जण पायांनी जमिनीवर रेघ काढणारा, दुसरा काडीने भिंतीवर. त्याच्याही आधी, 1989 मध्ये, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात मशे होते. पुढे 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री. 15 मे 2018 रोजी ते गेले.

त्यांचा जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने पोराची वाचा बसली. बोलायचं ते मातीत बोटाने रेघा ओढून सांगायचं, अशी त्यांची हकिगत. ती इतक्या वेळा छापून आली आहे की तिची गुळगुळीत दंतकथा झाली आहे. मला तिच्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: या माणसासाठी चित्र हा सण नव्हता, रोजचं बोलणं होतं. वारल्यांमध्ये चित्र तोवर लग्नाला काढत, आणि काढत त्या बायका. सवासिनी. घरात लग्न निघालं की आतली भिंत सारवून तिच्यावर चौक लिहायचा. चौकटीत पालघट देवी बसते. चौकटीच्या कडांना त्रिकोणांची आणि साखळ्यांची दाट नक्षी, आत चंद्र-सूर्य, फणी, शिडी. घोड्यावरचे नवरा-नवरी, आणि वेगळ्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तिच्या गाण्याबरोबर लग्न पुढे सरकतं. पुरुषाचा काडीशी संबंध नव्हता.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला देणारे तेच हे कुलकर्णी. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या हस्तकला कामाचे ते दूत होते. त्यांनी इथेही कागद आणला. बायकांनी काही चित्रं काढली, पण कागद घेऊन शहरात जाणं, परक्यांशी बोलणं, प्रदर्शनात उभं राहणं पुरुषांच्या वाट्याला आलं. मशे आधीपासून रोज चित्र काढत होतेच. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं काम लागलं आणि पुढच्या पिढीतल्या मुलांनी हातात काडी घेतली. यशोधरा दालमिया यांनी 1988 च्या आपल्या पुस्तकात बायकांच्या चौकाचा तपशील नीट नोंदवून ठेवला, ही फार मोठी गोष्ट झाली. कारण तेव्हापासून आजपर्यंत वारली चित्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुरुष येतो.

आम्ही राहतो ते घरही एका चित्रकाराचं, म्हणजे पुरुषाचं, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात शिकवतात त्या घरातल्या वहिनी. त्यांचे यजमान प्रदर्शनांच्या निमित्ताने फिरतीवर असतात. सकाळी गुरांचं, चुलीचं आणि पोरांच्या शाळेचं आवरलं की वहिनी तांदूळ वाटायला बसतात. रात्रभर भिजवलेले तांदूळ पाट्यावर, पाणी शिंपडत, बोटाला कण लागेनासा होईपर्यंत. त्यात डिंकाचं पाणी. आमच्यासारखीने वाटलं तर त्या ते बोटांत चोळून बघतात आणि न बोलता पुन्हा पाट्यावर टाकतात. मग बांबूची बारीक काडी. तिचं टोक दातांनी चावून चावून तंतू मोकळे करायचे, फार केले तर रेघ फाकते, कमी केले तर रंग धरत नाही. ही काडी करायला शिकण्यातच पहिली सकाळ जाते. ती विकत मिळत नाही हे मला फार आवडतं. तुमच्या दातांच्या ठेवणीवर तुमची रेघ ठरते.

वहिनी एक गोष्ट शिकवत नाहीत. चौक. आमच्यातल्या शिक्षिकेने आग्रह धरला होता. तिला तो वर्गात मुलांना दाखवायचा होता. बाजारात कापडावर काढलेले चौक विकत मिळतात, वहिनींच्या घरातूनही गेले असतील. तरी त्या म्हणाल्या, “तो शिकवायचा नाही, ताई. लगीन असलं म्हणजे काढायचा.” ओट्यावर बसलेल्या घरातल्या आजींनी मान हलवली आणि विषय संपला. मला हे पटतं. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला घरातलं सगळं उघडून दाखवलंच पाहिजे असा नियम नाही. उलट जिथे एखादं दार बंद राहतं तिथेच परत जावंसं वाटतं.

मग शिकतो काय? माणसं, गुरं, झाडं, खाचरं. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण: वरचा धड, खालचा कंबरेखालचा भाग. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण हिवाळ्यातल्या पहिल्या मुक्कामात आम्हा सगळ्यांची माणसं खांबासारखी ताठ उभी होती, एकसारखी. पुढे आषाढात गेलो. आवणी चालू होती. चैत्र-वैशाखात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजलेला, त्यात उगवलेली रोपं उपटून मुठी बांधून खाचरात आणलेल्या. वहिनींच्या मागे चिखलात उतरलो. गुडघ्यात न वाकता कमरेतून वाकायचं, डाव्या हातात मूठ, उजव्याने तीन-चार काड्या मातीत रोवायच्या, मागे सरकायचं. दुपारपर्यंत अंगातली एकच जागा जिवंत उरली होती, कंबर. दोन त्रिकोण एका टिंबावर का टेकवलेत, ते त्या दुपारी अंगात उतरलं. सगळं वाकणं, उचलणं, नाचणं त्या टिंबातून होतं. त्यानंतर काढलेली आमची माणसं वाकू लागली. वहिनींनी चित्र बघून काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी पुन्हा पाट्यावर बसवलं नाही.

म्हणूनच एकाच ऋतूत जाणाऱ्याला गाव अर्धवटच दिसतं असं मी म्हणते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला भात पिकतं आणि तारपा बाहेर निघतो. वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा लांब भोंगा मेणाने बसवून हे वाद्य करतात. वाजवणारा श्वास न तोडता वाजवतो आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून माणसं गोलात फिरतात. तारपा जिकडे वळेल तिकडे नाच वळतो. चित्रात तो नाच सापासारखा वेटोळं घालून येतो. नाचात हात गुंतवल्यावर कळतं की वेटोळं चित्रकाराला सुचलेलं नाही, रांग लांबली की तसंच होतं. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा लागते, तेव्हा पाड्यांवर कुणी सापडत नाही. लग्नसराईत घरं पाहुण्यांनी भरलेली असतात, तेव्हा आम्ही जात नाही.

विणकाम करणाऱ्या मैत्रिणीला मात्र वेगळीच गोष्ट सापडली. मशे यांनी मासे धरायच्या जाळ्याची चित्रं केली आहेत. अख्ख्या कापडभर एकच पसरलेलं जाळं, त्याची हजारो बारीक घरं, कुठेतरी कोपऱ्यात इवलीशी माणसं. एका पुस्तकात ते चित्र तिने पाहिलं आणि भिंग मागितलं. कितीतरी वेळ ती घरं बघत राहिली. मग म्हणाली की हा माणूस जाळ्याचं चित्र काढत नव्हता, जाळं करत होता. रेघ कशी जाते बघ: एक घर पुरं करून मगच पुढचं, गाठ टाकल्यासारखी, आणि जाळं जिथे ताणलंय तिथे घरं लांबट, जिथे सैल आहे तिथे आखूड. नुसती नक्षी भरणारा सगळी सारखी काढेल. ताण हातात असलेल्यालाच हे जमतं.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या ओट्यावर जाळं सांधत बसलेल्या एका बाबांकडे जाऊन बसली. ते बांबूच्या चपट्या सुईने फाटलेली घरं भरत होते. घराचं माप बोटाने. हिने आपली सुई-लोकर काढली. दोघांची भाषा जेमतेम जुळणारी, पण तासाभरात बाबांनी तिला गाठ शिकवली आणि तिने त्यांना उलटा टाका दाखवला. आजी लांबून सगळं बघत होत्या. “बाय, हे अंगात घालतात?” एवढंच त्यांनी विचारलं. त्या थंडीत आजींसाठी एक बिनबाह्यांची बंडी विणून झाली. तिच्या कडेला मैत्रिणीने जाळ्याची घरं घेतली, ताणलेली आणि सैल.

तलासरीला आम्ही धामणगाव बघायला म्हणून गेलो होतो. मशे यांचं जन्मगाव. पण तलासरीत मशे यांच्या आधी दुसरंच काहीतरी समोर येतं. या भागात झरी नावाचं गाव आहे. 23 मे 1945 रोजी तिथे हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते. वेठ बंद, हा ठराव तिथे झाला. सावकार आणि जमीनदार यांच्याकडे वारली कुटुंबंच्या कुटुंबं वेठीला होती, आणि त्यातला एक प्रकार होता लग्नगडी. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोने आयुष्यभर, कधी पोरांनीही पुढे, सावकाराच्या शेतावर राबायचं. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं. 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हे वाचून झाल्यावर मी चौकाकडे आधीसारखी बघू शकत नाही. सवासिनी ज्या भिंतीवर पालघट लिहीत होत्या, घोड्यावर नवरा-नवरी बसवत होत्या, त्याच लग्नाने ते नवरा-नवरी गडी होत होते. वारली चित्रांत सुख आणि नाच फार, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिवाणखान्यातल्या उशीवर तेवढंच दिसतं. झरीच्या सभेच्या वेळी जिव्या मशे अकरा वर्षांचे होते. त्या पोराने काय पाहिलं असेल याचा विचार केला की त्यांच्या चित्रांतली इवलीशी, अखंड कामात असलेली माणसं निव्वळ आनंदी वाटत नाहीत. ती राबतायत. आणि तरी नाचाच्या वेळी नाचतायत. दोन्ही एकाच रेघेने काढलेलं आहे.

आज या मुलखावरून मोठे रस्ते आणि बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. समुद्राकडे वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि डहाणू-तलासरीतल्या किती तरी कुटुंबांनी थंडीत बाहेर ताडपत्रीखाली रात्री काढल्या. कारवीचा कूड घालून शेणमातीने लिंपलेली घरं कमी होत चालली आहेत. घरकुलाची पक्की भिंत येते, तिला ऑइलपेंट लागतो. माणसाला कोरडं, पक्कं घर हवंच. चित्र टिकावं म्हणून कुणी गळक्या घरात राहावं असं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. वहिनींच्या पक्क्या घराच्या मागे त्यांनी कुडाची एक भिंत ठेवली आहे. पावसाळ्यानंतर ती पुन्हा लिंपावी लागते. आमचा मुक्काम असला की ते काम आमच्याकडे येतं.

गावातली नवी पिढी बाहेरच्या जगाशी स्वतःच्या अटीवर बोलते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. राजेश वांगड हे गंजाडचेच. छायाचित्रकार गौरी गिल 2013 साली त्यांच्या घरी राहिल्या आणि त्यातून दोघांची एक मोठी मालिका उभी राहिली: गिल यांनी काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांवर वांगड यांची शाईची रेखाटनं. छायाचित्रात मोकळी टेकडी दिसते, वांगडांची रेघ तिथे तोडलेलं जंगल आणि घडलेलं सगळं परत आणून ठेवते. मयूर आणि तुषार वायेडा या भावांचं काम जपानमध्ये ओळखलं जातं, आणि जपानी कलावंतांचा एक गट गंजाडच्या शाळेच्या भिंती रंगवायला इथे येऊन राहून गेला आहे. परत परत येणारे आम्ही काही एकटे नाही.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी साड्या, कप, सोफ्याची कापडं, सरकारी भिंती, सगळीकडे यंत्राने छापलेली ताठ माणसं उभी असतात, आणि त्यांचा पैसा पाड्यापर्यंत येत नाही. मानांकनाने नावाला कागद मिळतो. कारखान्यातला छाप थांबवायला कुणीतरी मागे लागावं लागतं. म्हणून माझं मत असं की वारली चित्र घ्यायचं तर काढणाऱ्या हातातून घ्यावं, आणि चित्राच्या खाली कुणाचं नाव आहे ते वाचावं. आम्ही राहतो त्या घरात ते नाव बराच काळ यजमानांचं असे. कापडावर नक्षी, झाडं, खाचरं भरण्याचं निम्मं काम वहिनींचं, कोपऱ्यातली सही यजमानांची. कुणी फसवत होतं असं नाही, तशी रीतच पडून गेली होती.

गेल्या मुक्कामात कापडावरची नक्षी शिकणाऱ्या आमच्यातल्या मुलीने वहिनींचं एक चित्र विकत मागितलं आणि सही तुमचीच हवी म्हणाली. वहिनींनी आधी नकार दिला, मग यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, “कर ना. तुझंच हाय.” सही करायला वहिनींनी काडी घेतली नाही, पोराचं बॉलपेन मागवलं. शिकवण्याची फी आता त्यांच्या बँकखात्यात जाते, आणि तारखाही त्याच ठरवतात. पुढच्या मुक्कामाची तारीख आम्ही विचारली तर म्हणाल्या, भात झोडून कणगीत पडलं की फोन करेन, तोवर तुम्ही करू नका. येताना आजींना आणखी एक बंडी हवी आहे, या खेपेला बाह्यांची.